आधी बंदर, मग आदेश

'अध्यक्षाच्या मनात आलं की अमेरिका कुठंही घुसते' हे अमेरिकेच्या युद्धांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मनात येईलही, पण सैन्य उतरवायला शेजाऱ्याची जमीन आणि खोल बंदर लागतं. 2003 च्या इराक युद्धात अमेरिकेची चौथी इन्फंट्री डिव्हिजन (हजारो सैनिकांचा मोठा दळ) तुर्कस्तानातून इराकच्या उत्तरेला घालायचा बेत होता. सामानाची जहाजं किनाऱ्यासमोर उभी, आणि 1 मार्चला तुर्की संसदेत या सैन्याला वाट देण्याचा ठराव पडला. बाजूने 264, विरोधात 250, पण 19 तटस्थ राहिले आणि बहुमत हुकलं. मग सुएझमार्गे कुवेतला वळसा! बगदाद पडेपर्यंत ही डिव्हिजन लढाईत पोचलीच नाही.

आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे सीमाभागात निवृत्त सुभेदारांना तोटा नाही. कुणालाही विचारा की, रणगाड्यापेक्षा त्याच्यामागचा टँकर सांभाळणं अवघड. अब्राम्स या अमेरिकी रणगाड्याचं वजन 60 टनांच्या वर, टाकी साधारण 1,900 लिटरची, आणि टर्बाइन इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तेल ढोसतं. म्हणून आघाडी जितकी पुढं, तितकी पुरवठ्याची रांग लांब आणि उघडी. 23 मार्च 2003 ला इराकमधल्या नासिरियात वाट चुकून मार खाल्ला तो अमेरिकेच्या दुरुस्ती तुकडीने. 11 जवान गेले. लेखात नुसती अध्यक्षांची भाषणं मोजलीत, ही तयारी नाही. 1990 मध्ये इराकने घेतलेल्या कुवेतसाठी अमेरिकेची जमवाजमव ऑगस्टला सुरू झाली, जमिनीवरचा हल्ला थेट पुढच्या फेब्रुवारीत. मधले सहा महिने काय फक्त विचार चालला होता?