‘मूळ भाग काढून टाकले’ या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्या बेळगावच्या दुकानातून आपण नेलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस या सिंक्लेअर कंपनीच्या जुन्या घरगुती संगणकाविषयी एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी पूर्ण वाचला. आपल्या तक्रारी तीन आहेत. आतले मूळ भाग काढून ‘चिनी तुकडे’ बसवल्यामुळे संग्राहकाच्या दृष्टीने यंत्राची किंमत शून्य झाली, घरच्या टेपरेकॉर्डरवरून एकही गेम लोड होत नाही, आणि निपाणीहून आपण फोन केला तेव्हा आम्ही पैसे परत करण्यास नकार दिला. हा अभिप्राय वाचून इतर ग्राहकही विचारणा करू लागले आहेत, म्हणून उत्तर जाहीरपणे देत आहे.

भाग बदललेले आहेत आणि ते बिलावर एकेक करून लिहिलेले आहेत: सर्व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग), कीबोर्डखालचा मेंब्रेन (बटण दाबल्याचे ओळखणारा पातळ पडदा), पाच व्होल्टचा रेग्युलेटर आणि टीव्हीकडे जाणारी जोडणी. काढलेले भाग चिठ्ठी लावलेल्या पिशवीत घालून खोक्यातच दिले आहेत. ती पिशवी आपण पाहिली असावी, कारण अभिप्रायात तिचा उल्लेख ‘आतून निघालेले भंगार’ असा आला आहे. ते भंगार कृपया टाकू नये.

हे भाग का बदलले, हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. स्पेक्ट्रम १९८२ साली आला, आपल्याकडील प्लस हा प्रकार १९८४ चा. आतली मूळ रचना दोन्हींची एकच. या यंत्रातील झेड८० प्रोसेसर आजही मिळतो, मेमरीच्या चिप शोधल्या तर मिळतात, परंतु चित्र तयार करणारी, कीबोर्ड वाचणारी आणि टेपचा आवाज ऐकणारी जी एकच चिप आहे, ती फेरांटी कंपनीने सिंक्लेअरसाठी खास बनवलेली होती आणि आता कोणी बनवत नाही. तिच्या जागी चालणारे नव्या बनावटीचे पर्याय परदेशातून मागवता येतात, पण ज्यांना यंत्र मूळ स्वरूपात हवे आहे त्यांचे त्याने समाधान होणार नाही. ही चिप मुळातच तापते. तिच्यासोबत त्याच बोर्डावर मूळ ७८०५ रेग्युलेटर अडॅप्टरकडून येणाऱ्या नऊ किंवा त्याहून अधिक व्होल्टचे पाच व्होल्ट करताना उरलेली सगळी शक्ती उष्णतेच्या रूपाने, तीही बंद खोक्यात कीबोर्डच्या खालीच, बाहेर टाकत असतो. आम्ही बसवलेला स्विचिंग रेग्युलेटर हेच काम जवळजवळ थंड राहून करतो. तो चीनमध्ये बनतो हे खरे आहे. आज सुटे भाग बहुतांशी तिथूनच येतात. तो बसवल्यामुळे फेरांटीची चिप जास्त काळ टिकते, आणि उद्या आपल्याला नको वाटला तर पिशवीतला मूळ रेग्युलेटर तासाभरात पुन्हा लावता येतो. चिप जळाली तर मात्र ती परत आणण्याचा मार्ग नाही.

कंडेन्सरचेही असेच आहे. खालच्या १६ किलोबाइट मेमरीतील ४११६ या आठ चिपना अधिक पाच, उणे पाच आणि अधिक बारा असे तीन व्होल्टेज लागतात. त्यांपैकी उणे पाच व्होल्ट एक ट्रान्झिस्टर आणि एक लहान कॉइल यांच्या आधारावर बोर्डावरच तयार होतात. म्हातारे कंडेन्सर कोरडे पडून हा पुरवठा बसला आणि बारा व्होल्ट मात्र चालू राहिले, तर त्या चिप मरतात व पडद्यावर नुसते पट्टे दिसतात. (वरच्या ३२ किलोबाइटसाठी सिंक्लेअरने अर्ध्या बिघडलेल्या चिप स्वस्तात घेऊन त्यांची चांगली बाजू वापरली होती, तेव्हा ज्या यंत्राच्या शुद्धतेविषयी आपण आग्रही आहात, ते जन्मतःच काटकसरीचे होते.) आपल्या भागात मृगापासून पुढे हवेतला दमटपणा जो राहतो, खानापूर-जांबोटीकडे तर विचारूच नये, त्यात असे भाग आपोआप टिकतील यावर विसंबून मी यंत्र विकत नाही. १९८४ साली शाळांत संगणक शिकवण्याच्या ‘क्लास’ या सरकारी योजनेतून आलेले बीबीसी मायक्रो संगणक दुरुस्तीला आले तर त्यांच्या पॉवर सप्लायमधील कागदी कंडेन्सर आम्ही तपासतही बसत नाही, सरळ बदलतो. कारण त्यांचे कवच तडकते, आत ओल शिरते आणि वीज दिली की दुर्गंधीयुक्त धूर निघतो.

मेंब्रेनविषयी एकच वाक्य पुरे: जुन्या मेंब्रेनच्या पट्ट्या वाळून तडकल्या होत्या आणि त्या तशाच ठेवल्या असत्या तर निम्मी बटणे चालली नसती. टीव्हीची जोडणी बदलली, कारण मूळ जोडणी जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटमधून यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर चित्र पाठवते आणि आपण खरेदीच्या वेळी घरी सपाट टीव्ही असल्याचे सांगितले होते; त्यावर ते नीट दिसेलच असे नाही. त्या चॅनेलवर चित्र पाठवणारा मॉड्युलेटरचा डबा जागेवर आहे; दोन जोडण्या पूर्ववत केल्या की तो पहिल्यासारखा चालेल.

केवळ काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी कोणी यंत्र मागितले तर आम्ही ते न उघडता देतो आणि ते चालेल अशी हमी देत नाही. आपण ‘मुलांना बेसिक’ (या यंत्रातील प्रोग्रॅमिंगची भाषा) ‘शिकवायचे आहे’ असे सांगितले होते, त्यामुळे आपल्याला वापरायचे यंत्र दिले.

आता गेम लोड न होण्याविषयी. यंत्र सुरू केल्यावर सिंक्लेअर रिसर्चची कॉपीराइटची ओळ येते आणि बेसिकमध्ये टाइप करता येते, असे आपण स्वतः फोनवर सांगितले. सुरू होताना यंत्र आपली मेमरी तपासते, म्हणून ती ओळ आली याचा अर्थ प्रोसेसर आणि मेमरी काम करत आहेत. गेम कॅसेटवर शून्य आणि एक यांच्या आवाजाच्या स्पंदांत साठवलेला असतो; शून्याच्या स्पंदापेक्षा एकाचा स्पंद दुप्पट लांब असतो आणि यंत्र एवढाच फरक मोजत असते. टेपरेकॉर्डरचे टेप वाचणारे हेड किंचित तिरके झाले असेल तर गाणी ऐकायला ठीक वाटतात, परंतु या स्पंदांच्या कडा बोथट होतात. हेडजवळच्या लहान स्क्रूने ते सरळ करता येते. आवाज कमी असला तरीही लोड होत नाही. लोड करताना पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे आणि त्यामागून निळे-पिवळे बारीक पट्टे दिसायला हवेत. पट्टेच नसून नुसता लाल आणि आकाशी रंग आलटून पालटून येत असेल, तर आवाज यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. मग दोष केबलचा, टेपरेकॉर्डरचा किंवा यंत्राच्या सॉकेटचा असू शकतो. सॉकेटचा निघाल्यास तो आमच्या तीन महिन्यांच्या हमीत येतो आणि त्याचे पैसे लागणार नाहीत.

पैसे परत करण्याची मुदत बिलावर पंधरा दिवस अशी छापलेली आहे आणि आपला फोन त्यानंतर आला. ही मुदत मी प्रत्येक ग्राहकाला सारखीच लावतो, त्यामुळे त्या निर्णयात बदल होणार नाही. हमी मात्र अजून चालू आहे. रविवार सोडून कोणत्याही दिवशी यंत्र घेऊन यावे, आपल्यासमोर आमच्या टेपरेकॉर्डरवर ते चालवून दाखवू आणि आपल्या टेपरेकॉर्डरचे हेडही त्याच वेळी विनामूल्य जुळवून देऊ. अडॅप्टर आम्ही दिलेलाच वापरावा. या यंत्राच्या पिनची मधली बाजू ऋण असते आणि बाजारातील बहुतेक अडॅप्टरची धन असते, त्यामुळे उलटा पुरवठा गेल्यास वर सांगितलेल्या मेमरीचे नुकसान होते आणि ते हमीत बसत नाही. येताना जी कॅसेट अडते तीच आणावी.

आपला,
दुकानचालक, बेळगाव