तिकडं आपल्याला कोण बघतंय?

परदेशी जाताना बॅग भरायचं आमच्या घरात एकच तत्त्व आहे : तिकडं आपल्याला कोण बघतंय! त्यामुळे चांगले कपडे कपाटात राहतात आणि ज्या कुर्त्याची बाही धुऊन धुऊन विरलीय पण टाकवत नाही, तो विमानात बसतो. ह्यांनी तर यंदा सोसायटीच्या गणपतीत वाटलेले तीन भगवे टी-शर्ट घेतले. तिन्हींच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'स्वयंसेवक'. म्हणाले, "घालायचे आणि तिथंच टाकून यायचे. परतीला वजन कमी."

मुलगा जर्मनीत असतो. त्याच्याकडे राहून झाल्यावर चार दिवस मिलान, असा बेत ठरला. "सप्टेंबरात जा, उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते," असं त्यानेच सांगितलं. त्याचं वय बत्तीस आणि तो बाराही महिने एकच राखाडी स्वेटर घालतो. त्याला कुठून माहीत असणार, की 23 सप्टेंबर 2025 ला आम्ही मिलानला उतरू त्याच दिवशी तिथं फॅशन वीक सुरू होतो!

बायकांच्या कपड्यांचा हा प्रकार वर्षातून दोनदा. सप्टेंबरात भरतो तेव्हा पुढच्या उन्हाळ्याचे कपडे दाखवतात आणि फेब्रुवारीत भरतो तेव्हा पुढच्या हिवाळ्याचे. आमच्या सासूबाई दिवाळीचा फराळ संपायच्या आत उन्हाळी वाळवणाचा विषय काढायच्या, त्यातलीच गत.

हॉटेलचं भाडं बघून मला वाटलं होतं, हॉटेल झकास असणार. खोलीत बॅग उघडायची तर दोघांपैकी एकाने पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागे. वर माणशी, रात्रीगणिक शहराचा कर वेगळा. लिफ्टमध्ये शिरले तर माझ्या डोळ्यांसमोर थेट एका मुलीची कंबर. मान वर करत करत चेहऱ्यापर्यंत पोचले, तो सुकलेला. माझ्या पर्समध्ये शंकरपाळ्यांची पुडी होती, पुढे केली. तिने आधी 'नो' म्हटलं, इकडे तिकडे पाहिलं आणि तिसरा मजला येईपर्यंत मूठभर संपवले. त्या चार दिवसांत माझ्याकडे आपुलकीने पाहणारी ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही व्हिया मोंतेनापोलिओने या महागड्या दुकानांच्या रस्त्याकडे निघालो. नुसती दुकानं बघायला हो. काचेतल्या कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या नव्हत्या, तेव्हाच काय ते समजलं. पुढच्या चौकात पन्नास-साठ फोटोग्राफर भर रस्त्यात उभे. आणि एक मुलगी झेब्रा क्रॉसिंग ओलांडत होती. अंगात गोधडीसारखा कोट, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात नारळही मावणार नाही एवढी पर्स. पलीकडे गेली. परत आली. पुन्हा पलीकडे गेली. चौथ्या फेरीला मला राहवेना. "अहो, पोर वाट चुकलीय बहुतेक." ह्यांनी लगेच मोबाइलवर नकाशा उघडला आणि पाचव्या फेरीत तिला मधोमध गाठून विचारलं, "व्हेअर टू गो?"

पन्नास कॅमेऱ्यांमागून एकदम जी आरडाओरड झाली, तिच्यातला एकही शब्द मला इटालियन येत नसूनही नीट कळला.

मग लक्षात आलं, ती कुठंच जात नव्हती. शोमधले कपडे आतल्या निमंत्रितांसाठी, पण शोला येणाऱ्यांचे कपडे सगळ्यांसाठी. खरा बाजार फुटपाथवर भरतो आणि सहज रस्ता ओलांडत असल्याचा फोटो मिळायला सात फेऱ्या माराव्या लागतात. आम्ही आपले खरोखरच रस्ता ओलांडणारे, म्हणून अडचण. दिवसभर जिथं उभं राहावं तिथून कुणी ना कुणी हाताने खूण करी : जरा बाजूला. माझी विरलेली बाही किती जणांच्या फोटोंतून कापली गेली असेल, देव जाणे.

ह्यांची मात्र चलती होती. पाठीवर काहीतरी छापलेला भगवा टी-शर्ट आणि गर्दीत हात मागे बांधून उभं राहायची वीस वर्षांची सवय. दोघींनी येऊन त्यांना प्रवेशद्वार कुठलं ते विचारलं. रस्ता माहीत नाही असं सांगायची आमच्या डोंबिवलीत पद्धत नाही. ह्यांनी डावीकडे बोट दाखवलं. दोघी उंच टाचांवर टकटक करत डावीकडे गेल्या. पुढे त्यांचं काय झालं ते मी स्वतःला विचारत नाही.

दुओमोत तेवढा आमचा मान राहिला. या कॅथेड्रलचं बांधकाम 1386 मध्ये सुरू झालं आणि शेवटचा दरवाजा 1965 मध्ये बसला. न संपणाऱ्या कामाला तिथले लोक 'दुओमोचं बांधकाम' म्हणतात. (आमच्या पार्किंगच्या शेडला मी हल्ली हेच म्हणते.) आत जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आमच्या पुढच्या तिघीजणी लाखाचे कपडे घालून दारात अडकल्या आणि माझा कुर्ता ताठ मानेने आत गेला. दरवानाने माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. चार दिवसांत कपड्यांची तेवढी एकच परीक्षा, पण त्यात पास.

तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचे बूट ओले निघाले. आदल्या संध्याकाळी पाण्यात पाय घातला होता. उरली खोलीत वापरायला आणलेली, कोल्हापूरच्या चप्पल लाईन बाजारातली कोल्हापुरी. पण हवेत गारठा. मग माझे अंगठेवाले मोजे, अंगाच्या रंगाचे, त्यांनी पायांत ओढले आणि वर कोल्हापुरी चढवली. मी चार पावलं मागून चालायचं ठरवलं.

दुओमोशेजारच्या गॅलेरिया नावाच्या छतवाल्या जुन्या बाजारात फरशीवर मोझेइकचा बैल आहे. त्याच्या नको त्या जागी टाच रोवून गिरकी घेतली की भाग्य उजळतं म्हणतात. पिढ्यान्पिढ्यांच्या टाचांनी तिथं खळगा पडलाय. बिचारा बैल! जवळच प्राडा या फॅशन कंपनीचं जुनं दुकान, 1913 पासूनचं. ते बघताच हे थबकले. याच शहरात जूनमध्ये प्राडाने पुरुषांच्या शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या होत्या आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. आपल्याकडे रान उठल्यावर कंपनीने मान्य केलं, की प्रेरणा भारतातल्या हस्तकलेची. हे सगळं ह्यांनी मला दुकानासमोर उभं राहून, मोज्यांसकट, मोठ्याने सांगितलं. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचंही.

तेवढ्यात एक फोटोग्राफर धावत आला, गुडघ्यावर बसला आणि ह्यांच्या पायांचे फोटो काढू लागला. मग दुसरा आला. मग एक मुलगी. तिने मोज्यांकडे असं काही पाहिलं, जसं मी पैठणीच्या पदराकडे बघते.

"प्राडा?" पहिल्याने वर बघत विचारलं.

ह्यांनी छाती पुढे काढली. "नो प्राडा. चप्पल लाईन. कोल्हापूर."

"चापाल्लाईन," मुलीने मोबाइलवर लिहून घेतलं.

"आणि मोजे माझे आहेत," मी म्हटलं. मराठीतच. तेवढ्यात फोटोग्राफरने माझ्याकडे पाहिलं, गोड हसला आणि हाताने खूण केली : जरा बाजूला. ह्यांनीही पाठीवरची सॅक काढून माझ्या हातात दिली.