तीनच्या भावात पाच जुड्या

शेतकरी आठवडे बाजार पुण्याच्या खाण्याला मानवतो का, असा वाद अधूनमधून निघतो. ज्या गावात सातही वारांच्या पेठा आहेत, आणि ती नावं त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांवरून पडली असं सांगतात, तिथे हा प्रश्न विचारायचा म्हणजे कमाल आहे. बाजार मानवतो हो. मानवत नाही तो घरी आणलेला माल.

कारण आमचं स्वयंपाकघर रोजच्या बाजारावर पोसलेलं. १८८६ साली मंडई उघडली, तिच्यासारख्या रोजच्या बाजारानं आमच्या सवयी लावल्या. ‘आज भाजी काय?’ हा प्रश्न सकाळी पडायचा आणि उत्तर पावशेरात यायचं. पावशेर गवार, एक जुडी मेथी, वर मूठभर कढीपत्ता फुकट. राज्यानं २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, थेट विक्री सोपी झाली. आता पुरंदर-जुन्नरचा टेम्पो सोसायटीच्या दाराशी येतो खरा, पण येतो आठवड्यातून एकदा.

समोरचा शेतकरीच आहे ना, हे आधी बघावं. त्याच्याकडे तीन-चारच जिनसा असतात, पण ढिगानं. मुळांना माती, वांगी एकसारखी नाहीत, काकडी वाकडी. पंचवीस प्रकार थोडेथोडे मांडलेत आणि कोपऱ्यात किवी चमकतेय, तर हा माल मार्केटयार्डातून आलाय. सासवडला अजून किवी लागत नाही. मे महिन्यात ‘घरच्या शेतातला’ मटार दिसला, तर नुसतं हसावं आणि पुढे जावं.

खरा छळ दुपारी सुरू होतो. पालेभाजी धुऊन ठेवायची नाही, हा पहिला नियम. पाणी राहिलं की पान काळं पडून बुळबुळीत होतं. जुडीचा दोरा लगेच सोडायचा, नाहीतर आतली पानं गुदमरून पिवळी पडतात. मुळं छाटायची, सडकं पान काढायचं, कोरड्या कागदात सैल गुंडाळून ठेवायचं. पिकलेली केळी आणि टोमॅटो तिच्या आसपास नकोत, त्यांच्या वायूनं पालेभाजी लवकर पिवळी पडते. भेंडी पुसून कोरडी ठेवायची. वांगी फ्रीजच्या थंड कप्प्यात टाकली की सालीवर खड्डे पडतात, आणि घरात चौकशी सुरू होते.

मग खाण्याचा क्रम. रविवारी चाकवत किंवा अंबाडी, सोमवारी मेथी, मंगळवारी शेपू. बुधवारपर्यंत दोडका-पडवळ, मग गवार. कोबी आणि दुधी शनिवारपर्यंत तग धरतात, म्हणूनच शनिवारी कोणाला भूक नसते.

एवढं सोसायचं कशासाठी, तर चाकवतासाठी. कोवळी, ताजी जुडी कोपऱ्यावरच्या गाड्यावर रोज मिळेलच असं नाही. हरभरा डाळ आणि दाणे भिजवून मऊ शिजवायचे, पाला वेगळा शिजवून घोटायचा. आंबट ताकाला दोन चमचे बेसन लावून ते थंडच असताना घोटलेल्या पाल्यात मिसळायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. बेसन विसरलं किंवा आच मोठी झाली की ताक फुटतं, आणि ती भाजी नंतर कुणाच्या बापाला सांधता येत नाही. डाळ-दाणे घालून वर लसणीची फोडणी. त्या दिवशी आठवडे बाजाराविरुद्ध एक अक्षर ऐकून घेऊ नये.

मिरची, आलं, कोथिंबीर मात्र कोपऱ्यावरच्या मावशींकडूनच घ्यावी. शेतकऱ्याचा भाव पाटीवर लिहिलेला, काटा इलेक्ट्रॉनिक. ‘वर दोन मिरच्या टाका की’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही. आणि घासाघीस केल्याशिवाय घेतलेली कोथिंबीर आम्हाला पचत नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात बाजारात थांबणं सर्वांत धोक्याचं. पालेभाजी परत नेऊन उपयोग नसतो, म्हणून भाव कोसळतो. तीनच्या भावात पाच जुड्या पिशवीत पडतात. एक जुडी नीट निवडायला पंधरा-वीस मिनिटं धरा. पाच जुड्यांचा हिशेब तिथेच, पैसे देण्याआधी करावा, आणि निवडायला घरात दुसरं कोण आहे तेही फोन करून विचारून घ्यावं.