सोळा किलोमीटरचा अपहार

"याला थंडी वाजतेय का रे?"

चार वर्षं रात्री जागून बांधलेल्या माझ्या इंजिनाला कोणी समोरासमोर दिलेला हा पहिला अभिप्राय. देणारे माझ्या मेहुण्याचे सासरे. वायफायचा पासवर्ड विचारायला म्हणून खोलीत डोकावले, नजर माझ्या स्क्रीनवर गेली आणि खुर्ची ओढून बसलेच. छत्तीस वर्षं ऑडिटमध्ये काढलेला माणूस. उघडी फाइल दिसली की त्यांना उठवत नाही.

मी अंतराळातल्या स्ट्रॅटेजी गेमसाठी ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, इंजिन लिहितो. गेम नाही, इंजिन. ग्रह, कक्षा, ताफे, खनिजं, कोणी कोणावर केव्हा हल्ला करायचा याचे नियम, हे सगळं मी करून ठेवायचं आणि त्यावर ज्याला जो खेळ रचायचा त्याने तो रचावा. हा फरक मी आजवर ज्यांना ज्यांना समजावला, ते सगळे शेवटी "म्हणजे गेमच ना" म्हणून मोकळे झाले.

थंडी वाजत होती ती पृथ्वीशेजारच्या एका मालवाहू जहाजाला. लांबून पाहिलं तर नुसतं थरथरायचं. झूम केलं की सरळ स्क्रीनच्या बाहेर उडी मारायचं आणि परत यायचं.

"थंडी नाही काका, फ्लोटिंग पॉइंट आहे."

इथेच गप्प बसायला हवं होतं. पण चार वर्षांत कोणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे मी सुटलो. फ्लोटिंग पॉइंट म्हणजे दशांशाचे आकडे ठरावीक बिटांत मावतील तसे ठेवायची संगणकाची पद्धत. बत्तीस बिटांच्या आकड्यात खऱ्या अंकांच्या वाट्याला चोवीसच बिट येतात, म्हणून १,६७,७७,२१६ पर्यंतचे पूर्णांक सगळे बिनचूक, आणि त्याच्यात एक मिळवला की उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६ च.

काकांनी चष्मा लावला. "मिळवून दाखव."

दोन ओळी लिहून दाखवलं.

"तो एक कुठे गेला?"

"गेला नाही काका, राउंड झाला."

"आपोआप कसा होईल? कोणीतरी केला असणार. सही कोणाची?"

"प्रोसेसर करतो."

"त्याला अधिकार कोणी दिला?"

"तसं मानक आहे. आयट्रिपलई ७५४. १९८५ सालचं."

"१९८५ पासून चाललंय हे?" काका पाठीला टेकले. इतक्या वर्षांचा मुरलेला घोटाळा हाती लागल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येईल तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

मग जहाजाकडे वळलो. माझ्या इंजिनात मध्यभागी सूर्य, आणि प्रत्येक वस्तूची जागा सूर्यापासून मीटरमध्ये मोजलेली. पृथ्वी साधारण १५ कोटी किलोमीटरवर. तेवढ्या लांब गेलं की या बत्तीस बिटांत एका आकड्यापासून लगेच पुढच्या आकड्यापर्यंत १६,३८४ मीटरचं अंतर पडतं. मधल्या कुठल्याही जागी जहाज उभंच राहू शकत नाही. एक तर अलीकडे, नाहीतर पलीकडे.

"म्हणजे सोळा किलोमीटरचा हिशेब लागत नाही."

"पंधरा कोटींत सोळा, काका! टक्केवारी तर काढा."

"अपहार टक्क्यांत मोजत नसतात."

यावर काय बोलणार? मी स्क्रीनवरचं जहाज दोन चकरा फिरवून दाखवलं. ते आणखी थरथरलं.

"आणि याचे तुला मिळतात किती?"

काही नाही म्हटल्यावर त्यांनी लायसन्स मागितलं. दिलं. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये कसलीही हमी नाही हे सांगणारा परिच्छेद इंग्रजीतल्या मोठ्या अक्षरांत आहे, त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे इतकं ओरडून लिहिलंय म्हणजे तुलाही कल्पना आहे." लायसन्स मी लिहिलेलं नाही, आणि मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हेच सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायलाही ते आडकाठी करत नाही, वगैरे मी सांगितलं. "मग विकत का नाहीस?" कोणी घेत नाही म्हणून, हे मात्र सांगितलं नाही.

१९६२ साली एमआयटीत पीडीपी-१ या मशीनवर काही पोरांनी स्पेसवॉर लिहिला. तोही कोणी विकला नाही. पण तिथे एकाने लढाऊ यानं बनवली, दुसऱ्याने मध्ये तारा ठेवून त्याला गुरुत्वाकर्षण दिलं, तिसऱ्याला मागचे ठिपके खोटे वाटले म्हणून त्याने खऱ्या आकाशाचा नकाशा आणून बसवला. मला कोणी आकाश आणून दिलेलं नाही. मला चार वर्षांत बाहेरून आलेलं एकूण योगदान म्हणजे रीडमी या माहितीच्या फाइलीतला एक स्वल्पविराम. बाकी सगळे विचारतात, मल्टिप्लेअर कधी. एक गृहस्थ दर महिन्याला "बिल्ड होत नाही", म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार होत नाही, एवढंच कळवतात. एरर काय येते विचारलं की गप्प. पुढच्या महिन्यात पुन्हा "अजूनही होत नाही". कधीकधी वाटतं, कोड ठेवलेली सगळी रेपो पुसून टाकावी आणि झोपावं. तरी त्यांना "लिंकरचा मेसेज पाठवता का" असं नम्रपणे उत्तर देतो, आणि त्याचाच राग येतो.

असो. काका उठता उठता म्हणाले, "अरे, शाखेतली किरकोळ रोकड मुख्य कचेरीच्या तिजोरीपासून मोजतोस कशाला? शाखेचा हिशेब शाखेत ठेव. वर नुसती बेरीज पाठव."

हे असं चालत नाही हे समजावण्यासाठी मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण असंच चालतं. सूर्यापासून मोजायचं ते ग्रहाला, तेही जास्त बिटांत. जहाज मोजायचं ग्रहापासून. आणि चित्र काढताना कॅमेराच शून्यावर धरायचा. मला हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. कामांच्या यादीत ते दोन वर्षं पडून होतं, कारण त्यासाठी एक्केचाळीस फाइली उचकटाव्या लागणार होत्या. पण पासवर्ड विचारायला आलेल्या माणसाने ते दारातून जाता जाता सांगावं?

तीन रात्री गेल्या. पहिल्या दोन रात्री जहाज सूर्यात जाऊन पडत होतं. तिसऱ्या रात्री पृथ्वीशेजारी गप उभं राहिलं.

योगदानकर्त्यांच्या यादीत काकांचं नाव घातलं. सकाळी त्यांनी ते मोबाइलवर पाहिलं आणि स्पेलिंग चुकल्याचं कळवलं. दुरुस्त केलं. म्हणजे त्यांची आता दोन योगदानं झाली. स्वल्पविरामवाला मागे पडला.

दुपारी परत आले. चष्मा लावूनच.

"आता फरक किती राहिला?"

पृथ्वीच्या केंद्रापासून मोजल्यावर जहाजाच्या कक्षेपाशी अजूनही अर्ध्या मीटरची पायरी आहे. कोणाच्या बापाला दिसत नाही.

"शून्य," मी म्हटलं.

काकांनी खुर्ची ओढली. "दाखव."