'कार्मेन' म्हणे सोपा ऑपेरा!

आज सकाळी परत एका जाणकारांची पोस्ट: बिझे या फ्रेंच संगीतकाराचा 'कार्मेन' म्हणजे सोपा ऑपेरा, नुसती भेळ, गल्ला भरायचा असला की लावतात. (गोष्ट अशी: डॉन जोझे हा शिपाई कार्मेनच्या प्रेमात सगळं गमावतो आणि शेवटी तिचा खून करतो.) सोबत कुठल्याशा प्रयोगातल्या, जोझेच्या फुलाच्या गाण्याची क्लिप. टेनरने, म्हणजे उंच पट्टीच्या गायकाने, वरचा बी फ्लॅट हा सूर असा ठोकलाय की झुंबर हलावं. टाळ्याच टाळ्या, खाली बदामांचा पाऊस.

अहो, तिथे बिझेने पियानिसिमो, म्हणजे अगदी हळू, लिहिलंय! शब्द काय आहेत त्या ओळीचे? 'मी तुझी एक वस्तू होऊन गेलो होतो.' हे कुणी बोंबलून सांगतं का? सूर वर चढतो आणि आवाज विरत जातो, त्यातच डॉन जोझेचं बिनसलेपण आहे. ठोकून गायलं की उरतं एक गोड प्रेमगीत.

असं होतं का, तर जोझेचं काम दोन गळ्यांचं आहे. पहिल्या दोन अंकांना हलका, लवचीक आवाज हवा. तिसऱ्या-चौथ्या अंकात ट्रम्बोनच्या वरून ऐकू जायला हवं. न्यूयॉर्कच्या मेट ऑपेरा हाउसमध्ये ३,८०० च्या आसपास खुर्च्या, मग टेनर निवडतात तो शेवटच्या अंकाकडे बघून. तो बी फ्लॅट हळू काढायचा तर छातीचा जोर सोडून मिश्र आवाजात जावं लागतं, आणि जड गळा नेमका तिथेच फाटतो. फाटण्यापेक्षा ओरडलेलं बरं, हा हिशेब. कळतो मला तो. पटत नाही.

पण माझा खरा राग संवाद कापण्यावर आहे. ३ मार्च १८७५ ला पॅरिसच्या ओपेरा-कॉमिक थिएटरात 'कार्मेन' आला तो मध्ये बोलायचे संवाद असलेला. आपल्या संगीत नाटकासारखाच, पदं आणि गद्य. बिझे गेल्यावर व्हिएन्नाच्या प्रयोगासाठी त्याचा मित्र एर्नेस्त गिरो याने संवादांच्या जागी रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलल्यासारखे गायचे तुकडे, लिहिले. त्यात पहिल्या अंकातलं जोझेचं बोलणं गेलं. काय होतं त्यात? हा स्पेनमधल्या नवाराचा गडी, घरच्यांना पाद्री करायचा होता. पेलोटा या चेंडूच्या खेळात जिंकला, एकाशी भांडण झालं, काठ्या निघाल्या, हा वरचढ ठरला आणि गाव सोडून पळावं लागलं. म्हणजे हात उचलायची सवय कार्मेन भेटायच्या आधीची! ज्या कथेवरून ऑपेरा झाला, त्या मेरिमेच्या १८४५ च्या कथेतला जोझे तर याहून भयंकर. हे एवढंसं बोलणं कापलंत की राहतो आईचा साधाभोळा मुलगा, ज्याला एका बाईने नादी लावलं. दीडशे वर्षं निम्मं जग हेच बघतंय. पॅरिसच्या मोठ्या ऑपेरात, पाले गार्निएमध्ये, १९५९ ला 'कार्मेन' गेला तोही गिरोच्या रेसिटेटिव्हसकट.

गिरोमुळे तो जगभर पोचला, मान्य. वेगवेगळ्या देशांच्या गायकांना फ्रेंच गद्य बोलायला लावणं अवघड, हेही मान्य. आणि १९६४ ला ओझर या संपादकाने काढलेल्या आवृत्तीने संवाद परत आणताना बिझेने तालमीत स्वतः काढलेले तुकडेही घुसडले. तेही मान्य, बस?

२०१८ मध्ये फ्लोरेन्सला शेवटच बदलला. कार्मेन जोझेला गोळी घालते. (पहिल्याच रात्री पिस्तूल उडालं नाही, ते सोडा.) कशाला? तो भूतकाळ परत ठेवा, कोण गुन्हेगार ते आपोआप दिसतं.

आणि सोपा? ओपेरा-कॉमिकच्या कोरसला रांगेत उभं राहून गायची सवय. इथे बायकांनी सिगारेट ओढायची, भांडायचं आणि त्यातच गायचं. त्यांनी तक्रारी केल्या, वाद्यवृंदाने 'हे वाजणार नाही' म्हटलं. दे ल्युव्हेन हे संचालक तर मंचावर खून नको म्हणून हट्टाला पेटले होते, कारण त्या थिएटरात लोक मुलीला दाखवायला आणत. हबानेरा, म्हणजे कार्मेनचं पहिलं गाणं, बिझेने पुन्हा पुन्हा लिहिलं. चाल लोकगीत समजून घेतलेली, ती निघाली इरादियेर या स्पॅनिश संगीतकाराची, तेव्हा छापील प्रतीत तशी टीप घातली.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. ३३ वा प्रयोग झाला, आणि त्याच रात्री, मध्यरात्र उलटून ३ जून १८७५ लागल्यावर, पॅरिसजवळच्या बूजिव्हालला बिझे गेला. वय ३६. लग्नाचा वाढदिवस होता. व्हिएन्नाच्या करारावर सही आदल्याच दिवशी केलेली. पॅरिसने 'कार्मेन' परत लावायला १८८३ उजाडलं, तोवर तो बाहेर गाजत होता. मायरबेअर या संगीतकाराचे त्या काळी पॅरिस गाजवणारे ऑपेरे आज क्वचित दिसतात, हा मात्र दर मोसमात कुठे ना कुठे असतोच. तो नुसत्या भेळेवर टिकला असता का?

तर क्लिपवाले साहेब, संवाद असलेलं एखादं रेकॉर्डिंग शोधा, पेलोटाचं बोलणं ऐका आणि मग फुलाचं गाणं लावा. त्या बी फ्लॅटला आवाज कमी करायला तुमचा हात बटणाकडे गेला, तर टेनर चुकीचा निवडलात.