बरणीत उरलेला चिखल

आमच्या तालुक्यातल्या निम्म्या ग्रुपांवर गेला महिनाभर एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा : नदीत, वावरात जीवाश्म सापडला तर लाखो रुपये मिळतात. जिभेला लावा, चिकटला तर खरा. नळाखाली धुवा, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा; दगड विरघळतो, हाड राहतं. घाई असेल तर संडासचं ॲसिड. मग तारेच्या ब्रशने घासा आणि वरून पांढरा गोंद किंवा वार्निश फिरवा.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून असलं सगळं माझ्याच टेबलावर येतं. "सर, हाई हाड शे का दगड?" आठवीतल्या एका पोराने तापीच्या काठच्या घळीतून उचललेला तुकडा दाखवायला आणला, तो लोणच्याच्या बरणीत. बरणीत व्हिनेगर, तळाशी करडा चिखल आणि नखाएवढ्या चार कपच्या. मेसेजमधलं सगळं त्याने मन लावून केलं होतं.

व्हिनेगरची गोष्ट थाप नाही, हेच वाईट आहे. चुनखडकात अडकलेलं हाड सोडवायला संग्रहालयांच्या प्रयोगशाळा खरंच सौम्य ॲसेटिक ॲसिड वापरतात, ५ ते १० टक्क्यांचं. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हाडातलं खनिज कॅल्शियम फॉस्फेट. आम्ल पहिल्याला आधी खातं. पण ते लोक हाडाला झळ लागू नये म्हणून आम्लात आधीच कॅल्शियम फॉस्फेट मिसळतात. काही तासांनी तुकडा बाहेर काढतात, आम्लात होता त्याहून जास्त वेळ पाण्यात ठेवतात, वाळवतात, उघड्या पडलेल्या हाडावर राळेचा पातळ हात देतात आणि पुन्हा पहिल्यापासून. महिनोन् महिने. मेसेजवाल्याने त्यातली एक ओळ उचलली.

शिवाय आपल्याकडे चुनखडक कुठे आहे? खाली काळा पाषाण, वर काळी माती, नदीकाठी गाळ. त्या जुन्या गाळात चुनखडीचे खडे धरतात. हाडावर पुटं चढतात ती त्याचीच, आणि तीच चुनखडी हाडाच्या बारीक छिद्रांतही शिरून बसलेली असते. कित्येकदा हाड उभं असतं ते तिच्या जोरावर. आम्ल बाहेरचं पुट खातं आणि आतला टेकूही खातं. पोराच्या बरणीत झालं ते हेच.

शिंपला असेल तर विचारूच नका, तो स्वतःच कार्बोनेट. व्हिनेगरमध्ये कोंबडीचं अंडं ठेवून कवच घालवायचा प्रयोग आपण शाळेत केलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १९७०च्या दशकातल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले आणि एका कवचावर कोरलेली नक्षी निघाली, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची. तसला तुकडा कुणी रात्रभर बरणीत टाकला असता तर नक्षी गेली असती आणि कवचही झिजलं असतं.

संडासचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते हाडालाही सोडत नाही. आपल्या जळगावच्या खाणींतले ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट या खनिजांचे स्फटिकसुद्धा त्यात पांढुरके, निस्तेज होतात, आणि लोक तेही "चमकवायला" टाकतात! काही जण पांढरं करायला वर ब्लीचिंग पावडर घालतात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. मोरीत उभं राहून हे करू नका.

नळाचं पाणी सगळ्यांना निरुपद्रवी वाटतं. मला ते आम्लाइतकंच धोक्याचं वाटतं. उन्हाळ्यात कपाशीच्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा का पडतात? काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. हाडाच्या छिद्रांत हीच माती भरलेली असते. भिजवलंत की आतून फुगते, गच्चीवर उन्हात ठेवलंत की आकसते, आणि हाड लांबीत तडकतं. ओला तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवायचा, कागद बदलत राहायचा. माती भुसभुशीत झाली की मऊ ब्रशने झाडायची. बस.

तारेचा ब्रश? काठिण्याच्या मापावर चुनखडीचं खनिज ३, हाडाचं ५, पोलाद साडेपाच-सहाच्या आसपास. हाडावर ओरखडे उठतात आणि उद्या कुणी म्हणेल, हे जनावराच्या दातांचे वण. त्यापेक्षा भिंग, बांबूची काडी, बाभळीचा काटा. टोक हाडापासून बाहेरच्या दिशेला ठेवायचं.

गोंद आणि वार्निश नंतर नीट निघत नाहीत, वार्निश पिवळंही पडतं. संग्रहालयात पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून लावतात. चुकलं तर ॲसिटोननेच उतरते. ती नसेल तर काहीच लावू नका, कापसात ठेवा.

जिभेचं अर्धं खरं आहे. छिद्राळ हाड चिकटतं. पण वाळलेलं मातीचं ढेकूळही चिकटतं, आणि गावाबाहेरच्या नाल्यातली वस्तू जिभेला लावायची हौस ज्याची त्याने बघावी.

आता ते लाखो रुपये. माझ्याकडे आलेली बहुतेक "डायनासोरची अंडी" म्हणजे कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल झालेला काळा दगड. खरी अंडी सातपुड्यापलीकडे धार जिल्ह्यात आहेत. तिथल्या पाडल्या गावात असे गोळे लोक देव म्हणून पुजत होते, २०२३ मध्ये त्याची बातमी गाजली. दगडावर उमटलेली नेच्यासारखी काळी नक्षीसुद्धा बहुतेक वेळा मँगनीजची असते, झाडाची नाही.

तो पोरगा पुन्हा घळीत गेला. या वेळी आधी फोटो काढला, तुकडा काठापासून किती खाली होता ते वहीत लिहिलं आणि मातीसकट उचलून आणला. माझ्या कपाटात कागद बदलण्याचा हा तिसरा आठवडा.