एल्सा, जॅक स्पॅरो आणि आपले फ्लेमिंगो

थीम पार्कचा विषय निघाला की आमच्या नेरूळच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, थीम म्हणजे थीम, त्यात सिनेमा-कार्टूनच्या पात्रांची भेसळ नको. दुसरा म्हणतो, तिकीट पोरांसाठी काढतो ना, मग पोरं खूश तर सगळं माफ! मला राग येतो तो दुसऱ्यांचा. "लोकांना हेच आवडतं" म्हटलं की डोकं चालवायची गरज उरत नाही.

फ्लोरिडातल्या एपकॉट या डिस्नीच्या थीम पार्कमध्ये ११ देशांची दालनं आहेत. नॉर्वेच्या दालनात १९८८ पासून 'मेलस्ट्रॉम' नावाची बोटीतली राईड होती. व्हायकिंग, ट्रोल, ध्रुवीय अस्वलं आणि शेवटाकडे चक्क उत्तर समुद्रातली तेलविहीर! काहीच्या काही खिचडी, पण नॉर्वेचीच. २०१३ मध्ये डिस्नीचा 'फ्रोझन' हा एल्सा राणीचा सिनेमा आला, २०१४ मध्ये मेलस्ट्रॉम बंद झाली आणि २०१६ पासून त्याच पाण्यातून, त्याच बोटींतून लोक एल्साच्या काल्पनिक राज्यात जाऊ लागले. रांगा भरपूर लागतात. बोटीत नॉर्वे मात्र उरला नाही.

याउलट डिस्नीलँडमधली समुद्री चाच्यांची राईड. ती १९६७ ची, तिच्यावरून निघालेला चित्रपट २००३ चा आणि २००६ मध्ये त्यातला जॅक स्पॅरो उलट राईडमध्ये आणून बसवला. हाही गल्ल्याचाच हिशोब, पण मला खटकत नाही. जॅकला उचलून बाहेर ठेवा, चाचे, तोफा, लुटलेलं गाव सगळं जागेवर राहतं. एल्साला बाहेर ठेवा, बोट रिकामी. माझी कसोटी एवढीच आहे.

आपल्याकडेही हे जमतं बरं का. खोपोलीच्या इमॅजिकात पाण्यातली डायनासोर राईड आहे, ती राजासॉरसची. शाळकरी पोरांना टी-रेक्स तोंडपाठ असतो, तो ठेवला असता तरी गर्दी झालीच असती. यांनी गुजरातेत जीवाश्म सापडलेला, २००३ मध्ये बारसं झालेला आपला प्राणी घेतला. पोरं किंचाळायची ती किंचाळतातच.

मग ठाणे खाडीवर अशी राईड का नको? २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आणि गोष्ट तर पक्ष्यांनीच लिहून ठेवलीय. फ्लेमिंगोचं पिल्लू करडं असतं, शेवाळ नि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन ते गुलाबी होतं. कोळ्यांच्या होडीत बसा, करड्या चिखलातून निघा, वाटेत रंग चढत जाऊ दे, शेवटी सगळं गुलाबी. वर एक अक्षर समजावून सांगावं लागणार नाही.

भाचा म्हणतो, "मामा, पक्षी बघायला कोण येणार? छोटा भीम टाक."

टाकू की! पण त्याला इथल्या दिवाळे गावच्या कोळ्यांसारखी होडी वल्हवू दे, भरती-ओहोटीची वेळ सांभाळू दे, पोरांसोबत पक्षी मोजू दे. तो सुट्टीवर गेला तरी खाडी तिथेच राहील. आणि लाडवांचा स्टॉल बाहेर पडायच्या वाटेवर लावा, होडीत नको.